सेनापतींचे पत्र वाचणारे भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. गिरगावातल्या एका चष्मेवाल्याने माझी काच घासली, तिला पितळी कडे बसवले आणि मला प्रभादेवीच्या एका वाचनालयाला भेट दिले. तेव्हा मला केवढा मान होता! जुनी कागदपत्रे वाचायला आलेले विद्वान माझ्यासाठी खोळंबत. पुढे मोबाइल आले. फोटो काढून दोन बोटांनी मोठा केला की काम झाले. मी सुकलेल्या डिंकाच्या बाटलीशेजारी खणात पडून राहिले.

मागच्या वर्षी कालिंदी कर्णिक आल्या. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या. सत्तावन्नच्या उठावातले एक सेनापती, त्र्यंबकराव, त्यांचे पूर्वज. त्यांचे ना चित्र होते, ना समाधी. लढाईत धारातीर्थी पडले, एवढेच घरात सांगत. कालिंदीबाई त्यांचे चरित्र लिहीत होत्या. प्रकाशनासाठी त्यांचे थोरले बंधू हेमचंद्र यांनी हॉलसुद्धा ठरवला होता.

एका दप्तरात सेनापतींनी पत्नीला लिहिलेले मोडी पत्र सापडले. सालाचा शेवटचा आकडा पुसट होता. मोबाइलवर तो शून्य दिसे, म्हणजे शके १७८०, लढाईचेच साल. ग्रंथपाल दत्ताराम यांनी मला धोतराच्या मऊ फडक्याने पुसले.

"बाई, हे धरून बघा."

शून्याला बारीक शेपूट होते. तो एक होता! म्हणजे पत्र लढाईनंतर वर्षभराने लिहिलेले. सेनापती लढाईत पडलेच नव्हते. त्यांनी लिहिले होते, 'फौज मोडली. पोरे पेरणीस घरी धाडिली. लोक पळपुटा म्हणतील, म्हणोत.'

बातमी कळताच हेमचंद्र धावत आले. "हे छापू नकोस, कालिंदी. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्यांना हुतात्मा म्हणतोय."

"दादा, तू स्वतः एकदा बघ तरी."

त्यांनी मला उचलले. कालिंदीबाई बोटाने एकेक अक्षर लावून देत होत्या.

"फौजेत किती पोरं होती गं?"

"तीनशेच्या वर."

बराच वेळ ते माझ्यातून पाहत राहिले. डोळा ओला झाला, तेव्हा मलाही अक्षरे नीट दाखवता येईनात.

"छाप," ते म्हणाले. "पण प्रस्तावना मी लिहितो. नातेवाइकांच्या शिव्या मला पडू देत."

मित्रांनो, तुमच्या घरातले जुने कागद रद्दीत घालू नका, आणि नुसते देव्हाऱ्यातही ठेवू नका. उजेडात आणा, हळुवार उलगडा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. लिहिणाऱ्याने ती कुणीतरी वाचावी म्हणूनच लिहिलेली असते.