मुठीतला गोंद

थोरल्याने तलवार घेतली ती बैठकीच्या भिंतीसाठी. जपानी धाटणीची होती. किंचित वळलेलं लांब पातं, काळं चकचकीत म्यान, मुठीवर दोऱ्याची घट्ट चौकडीची वीण, आणि ठेवायला भिंतीवर बसवायची लाकडी घोडी. दुकानदाराने बांधून देताना बजावलं होतं, "साहेब, ही नुसती बघायची वस्तू आहे. फिरवायची नाही. पातं मुठीत बोटभरच आत गेलंय."

थोरला फरशांच्या शोरूममध्ये विक्रेता होता. साध्या फरशीला संगमरवराचा तोरा चढवून विकायची त्याला सवय, तलवारीच्या बाबतीतही त्याने हात आखडता घेतला नाही. येईल त्याला सांगायचा, "अस्सल आहे. तिकडच्या कारागिराने हाताने घडवलेली."

एका दुपारी घरी कुणी नव्हतं, तेव्हा त्याने ती आरशासमोर फिरवून पाहिली. चार हात मारले आणि मूठ खडखडू लागली. बायको औषधांच्या दुकानातली पाळी संपवून आली, तर हा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मुठीत गोंद भरत बसलेला.

"अहो, परत करून या ना ती," ती म्हणाली. "नाहीतर टाकून द्या."

"भिंतीवरच तर राहणार आहे. कोण हात लावतंय?"

धाकटा भाऊ आणि त्याची बायको सुट्टीच्या दिवशी जेवायला यायचे. धाकटा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, तोंडाने भारी मिश्कील. धाकटी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवायची. मेणाच्या एवढ्याशा दातावर सुईच्या टोकाने रेघ ओढावी ती तिनेच.

त्या दिवशी जेवणं उरकली. धाकटी ताटं गोळा करत होती, थोरली आत नळाखाली भांडी विसळत होती. धाकटा भिंतीकडे बघत म्हणाला, "दादा, खरी आहे का रे ही? की बँडवाल्याची उचलून आणलीस?"

धाकटी खळखळून हसली. थोरल्याला ते झोंबलं.

"उचलून बघ म्हणजे कळेल," तो म्हणाला.

थोरलीने आतून ते ऐकलं आणि ओल्या हातांनी तशीच बाहेर धावली. तोवर धाकट्याने म्यान काढून टाकलं होतं. कमरेत वाकून नमस्कार केला, तोंडाने युद्धाची आरोळी ठोकली आणि तलवार डोक्यावरून खाली आणली. मूठ त्याच्या हातात होती आणि तो अजून हसतच होता. पातं टेबलावरून पलीकडे गेलं होतं. ताटं फुटल्याचा आवाज आला. धाकटी दोन्ही हातांनी चेहरा धरून खाली बसली होती आणि तिच्या बोटांतून रक्त गळत होतं.

डोळा वाचला नाही.

इस्पितळात पोलीस चौकशीला आला तेव्हा धाकटा एकच वाक्य बोलला, "माझ्या हातून झालं." थोरला त्याच्या पाठीवर हात ठेवून शेजारी उभा होता. तक्रार कुणाचीच नव्हती, पोलीस जबाब घेऊन गेला.

धाकटी घरी आली, पण धाकटा घरात असून नसल्यासारखा झाला. तिच्यासमोर बसून जेवेना. बाहेरच्या खोलीत झोपू लागला. लिफ्टच्या बोगद्यात उतरला की हातातलं काम सोडून तसाच उभा राहायचा, म्हणून कंपनीने त्याला बाहेरच्या कामावर ठेवलं. तिलाही लॅबमध्ये जमेना. एका डोळ्याने अंतराचा अंदाजच येत नव्हता. सुई दाताच्या अलीकडे तरी टेकायची नाहीतर बोटात शिरायची.

थोरला दर दोन दिवसांनी भावाकडे जाऊन बसायचा. "नशिबात होतं रे. स्वतःला किती खाशील?" म्हणायचा. एकदा थोरली सोबत होती. नवऱ्याचं ते समजावणं ऐकून तिला शिसारी आली.

घरी पोहोचताच ती म्हणाली, "सांगा त्याला."

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय ते."

"सांगून डोळा परत येणार आहे का?"

"डोळा नाही येणार. तुमचा भाऊ माणसांत येईल."

थोरला पलंगावर बसला. "एकच भाऊ आहे मला. तोंड बघणार नाही माझं."

"आणि ती आरशात स्वतःचं तोंड कशी बघते, ते विचारलंत कधी?"

तो उठून दुसऱ्या खोलीत गेला.

मग एका संध्याकाळी धाकटी औषधांच्या दुकानाशी आली. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. "ताई, हे लांबच्या शहरात नोकरी धरतायत. एकटेच. म्हणतात, मी समोर असलो की तुला सारखं तेच आठवेल. डोळा गेला तो गेला, पण आता नवरा कशापायी घालवू?"

थोरलीने सगळं सांगितलं. आरसा, खडखडणारी मूठ, वर्तमानपत्र, गोंद.

धाकटीने तिच्याकडे वळून विचारलं, "दादांना माहीत होतं? आणि तरी उचलून बघ म्हणाले?"

"हो."

"आणि तुम्हाला?"

"गोंद लावताना मी पाहिलं होतं."

"म्हणजे तुम्हालाही." तिने पर्स उचलली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटा शोरूममध्ये शिरला. थोरला एका जोडप्याला न्हाणीघराच्या फरशा दाखवत होता.

"दादा, मूठ सैल होती?"

"बाहेर बोलू आपण."

"इथंच सांग."

गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघू लागली. थोरल्याने हातातली फरशी खाली ठेवली. "होती. चिकटवली होती मी. वाटलं, टिकेल."

"मी हसत होतो, दादा. तिचं रक्त वाहत होतं आणि मी हसत होतो. डोळे मिटले की तेच दिसतं मला. आणि तू येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायचास."

थोरल्याला वाटलं, आता हा आपल्याला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. धाकटा नुसता वळला आणि निघून गेला.

तो लांबच्या नोकरीवर गेला नाही. बायकोसमोर बसून जेवू लागला. पण "शेवटी फिरवली मीच," हे काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही. मधेच हातातला घास तसाच राहायचा. लॅबमालकाने धाकटीला दातांचे रंग जुळवायच्या कामावर घेतलं. त्या कामाला एक डोळा पुरत होता.

दोन्ही घरांचं येणंजाणं तुटलं. थोरला घरी आला की टीव्हीसमोर बसे, कधी लावायचाही विसरे. एकदा त्याने विचारलं, "बरं केलंस असं वाटतं तुला?"

"नाही," थोरली म्हणाली. "पण केलं."

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी धाकटीचा फोन आला. कृत्रिम डोळा बसवायला जायचं होतं. नवऱ्याला ते बघवणार नव्हतं, एकटीने जायचा धीर नव्हता. "येता का?" एवढंच.

थोरली गेली. दवाखान्यात धाकटीने तिच्याशी जवळजवळ शब्द काढला नाही. डॉक्टरने आरसा पुढे केला, तिने क्षणभर पाहून खाली ठेवला. बाहेर पडल्यावर थोरली तिच्या न दिसणाऱ्या बाजूने चालू लागली. रस्त्यावर गाड्यांची रीघ होती. धाकटीने चाचपडत तिचा दंड धरला, घट्ट. पलीकडचा फुटपाथ पायाला लागला, आणि तिने तो सोडून दिला.