कोंबडीनं टाइप केलेलं गाऱ्हाणं

तुमचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. बसवूही नका. माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा अख्ख्या मांडवीत एकच माणूस होता, माझे सासरे. तेसुद्धा शेवटी खाटेवरून म्हणाले, "आप्पा, जाता जाता खरं ऐकू दे, ती सुरमई खरंच होडीएवढी होती का हो?" मी म्हटलं, "होडी लहान होती." समाधानानं गेले बिचारे.

तर कोंबडी. मी एका कोंबडीला संगणकावर मराठी टाइप करताना पाहिलंय. शुद्ध मराठी, एक चूक नाही.

"आप्पाआजोबा, कोंबडीला टाइप करायला बोटं कुठे असतात?"

ही आर्या. वय वर्षं आठ. दर सुटीत आमच्या पडवीत मुक्काम ठोकते आणि फणसाच्या भाजलेल्या अठळ्या संपवते. तिला गोष्ट ऐकायची असते, पण गप्प बसून नव्हे.

"चोच असते ना? ऐक मुकाट्यानं."

साल दोन हजार. तेव्हा रत्नागिरीत संगणक म्हणजे बँकेत नाहीतर मोठ्या हापिसात, काचेआड, थंडगार खोलीत बसलेली वस्तू. आत जायचं तर चपला दाराशी काढायच्या. का काढायच्या ते कुणी विचारत नसे; धुळीनं बिघडतो एवढंच कारण होतं, पण लोकांनी हात जोडायला सुरुवात केली होती. चपला काढायला लावणारी वस्तू देव व्हायला कितीसा वेळ लागतो?

नेमक्या त्या हवेत मांडवीला जेटीजवळच्या रिकाम्या गोदामात संगणकनाथ महाराज अवतरले. कुठून आले, कुणाला ठाऊक नाही. भगवी कफनी, कानात रुद्राक्ष, आणि पाटावर मांडलेला संगणक. पडद्याला झेंडूचा हार, माऊसला कुंकू. वीज गेली की खालची बॅटरी कुई कुई करी आणि महाराज म्हणत, "शंखनाद झाला! डोकं टेकवा!" शंभर डोकी जमिनीला.

महाराजांची वाणी ऐकण्यासारखी होती. "अरे, हे यंत्र नव्हे! याच्या पोटात राम आहे राम! दुकानदाराला विचारा, तो लेखी देईल!" पडद्यावर दोन चौकटी दिसत, एकाखाली एक, प्रत्येकीत एकच ओळ मावेल एवढ्या. आत एक उभी रेघ लुकलुके. "ही देवाची पापणी! मिटते, उघडते. आणि ओळ एकच का? देव एकवचनी आहे म्हणून! दुसरी ओळ मागाल तर पाप!"

आपल्याकडे देवाला कौल लावायचा तर आधी गाऱ्हाणं घालावं लागतं. महाराजांनी ते बरोबर हेरलं होतं. वरच्या चौकटीत ते स्वतः गाऱ्हाणं टाइप करत: "बा देवा म्हाराजा, ह्या दर्याकाठच्या लेकरांच्या रक्षणकर्त्या, आज जी लेकरां तुझ्या दारी उभी हत..." पडद्यावर अक्षर अक्षर उमटे आणि लोक घुमवत, "होय म्हाराजा!" मग खालच्या चौकटीत प्रश्न. मग एंटर. आणि पडद्याच्या तळाशी देवाचं उत्तर!

आणि उत्तरं कसली! कुणाच्या मेलेल्या आजोबांचं नाव, कुणाची हरवलेली म्हैस काळी की भुरी, सगळं अचूक. महाराजांखेरीज कुणी कीबोर्डला हात लावायचा नाही, कारण "दीक्षा नसलेल्या बोटांना शॉक बसतो." देवाला मान म्हणून नारळ आणि जिवंत कोंबडी. गोदामामागे कोंबड्यांची पैदास सुरू झाली म्हणा ना.

आमची शेजारीण तुळसावैनी एक दिवस तिथून रडतच परत आली. नवरा जाऊन वर्षं झालेली, एकुलती एक लेक नम्रता. तिचं लग्न पोफळीच्या वीजघरात कामाला असलेल्या संदेशशी ठरलेलं. पत्रिका छापायला टाकलेल्या.

"आप्पानू, देवान् सांगितलान्, मोडा म्हणून! जावयाक् पाण्याची भीती हाय!"

"वैनी, तो धरणाच्या वीजघरात काम करतो. पाण्याची भीती त्याला नाही तर काय वाळवंटातल्या माणसाला असणार?"

"थट्टा नको हां. देवान् माझ्या घोवाचा नाव सांगितलान्. मी सांगितला नव्हता कोणाक्!"

"रांगेत कोकमाचं सरबत कुणी दिलं?"

"त्या चेल्यान्."

"आणि सरबत पिताना गप्प होतीस?"

वैनी गप्प झाली नाही. म्हणाली, "म्हणजे काय? त्येना चौकशी केलान्, तर सांगू नको काय माणसान्? पण तो चेला देवाक् थोडाच सांगील!" आणि परवा पुन्हा कौल लावून लग्न कायमचं मोडायचं, हे जाहीर करून ती घरात गेली. आतून नम्रताचा आवाज आला, "आई, मला एकदा तरी विचार ना!" आणि भांडं आपटल्याचा.

नम्रता रामआळीतल्या वासंतीबाईंच्या टायपिंगच्या क्लासात शिकलेली. संध्याकाळी ती मला त्यांच्याकडे घेऊन गेली. बाई चष्म्यावरून बघणाऱ्या. तीस पोरं एकदम टाइप करत असताना पाठमोऱ्या उभ्या राहून "चौथ्या बाकावर कोण करंगळी वापरत नाही?" असं विचारणाऱ्या.

"मी जाऊन आले त्या गोदामात," बाई म्हणाल्या. "डोळे मिटून ऐकलं. पडद्यावर 'रक्षणकर्त्या' उमटत होतं आणि महाराजांचा अंगठा नुसता स्पेसबार बडवत होता. धप, धप, धप. स्पेसबारमधून 'रक्षणकर्त्या' निघत असेल तर मी एवढी वर्षं पोरांना उगाच छळलं."

"म्हणजे काय ते?"

"आप्पा, तो टाइप करतो एक आणि चौकट दाखवते दुसरं. एवढंच. कीबोर्ड एकदा दुसऱ्या कुणाच्या हातात जायला हवा. बस्स."

"दुसऱ्या कुणाच्या हातात तो देणार नाही."

"मग बघा तुम्हीच. तुम्ही एरवी होडीएवढ्या सुरमया पकडता."

टोमणा होता तो. पण कामाला आला.

कौलाच्या दिवशी तुळसावैनीची कोंबडी मीच काखेत धरली. "वैनी, तू हात जोड, मान मी धरतो." सदऱ्याच्या खिशात मूठभर तांदूळ. गोदाम गच्च. पुढे वैनी, तिच्यामागे डोळे सुजलेली नम्रता, खांबाशी वासंतीबाई. महाराजांनी बोटं मोडली, वरच्या चौकटीवर पापणी लुकलुकायला लागली आणि त्यांचा हात कीबोर्डवर उतरणार, तोच मला शिंक आली. खरीखुरी शिंक. शिंकेसरशी तांदूळ कीबोर्डवर आणि कोंबडी तांदळावर!

काय सांगू महाराजा! ती टिपायला लागली. टक. टक. टकटक. आणि पडद्यावर उमटलं:

बा देवा म्हाराजा

टक टक टक टक.

ह्या दर्याकाठच्या लेकरांच्या

मागून एक म्हातारी कापऱ्या आवाजात म्हणाली, "होय म्हाराजा!" आणि सगळ्या गोदामानं उचलून धरलं. "होय म्हाराजा!" कोंबडी दचकली, फडफडली, पायानं चार कळा एकदम दाबल्या. पडद्यावर 'रक्षणकर्त्या' एका दमात, जोडाक्षरासकट! दोन बोटांनी टाइप करणाऱ्या कारकुनांनी माना खाली घातल्या. मी कोंबडी आवरायला म्हणून कीबोर्डवर अर्धा ओणवा झालो होतो, पण आवरतेय कुठली!

"कोंबडीमाता!" कुणीतरी ओरडलं. एकानं लोळण घेतली. दुसरा तिच्या पायांना हात लावायला धावला आणि चोच खाऊन परतला, तर लोक म्हणाले, प्रसाद मिळाला. महाराज पांढरे पडले होते, पण गडी मुरलेला. क्षणात हात वर केले.

"भक्तांनो! मीच तिच्यात संचारलो आहे!"

"वा!" खांबापासून वासंतीबाई पुढे आल्या. "मग महाराज, उत्तरही तिलाच देऊ द्या. प्रश्न मी लिहिते, कोंबडीचं दीक्षेवाचून चालतं तर माझंही चालेल." महाराज "शॉक, शॉक" म्हणेपर्यंत बाईंनी खालच्या चौकटीत दहाही बोटांनी लिहिलं: नम्रताचं लग्न मोडावं काय? आणि एंटर.

तळाशी उत्तर उमटलं.

नको

आता खरं सांगतो, मी पुष्कळ भरत्या पाहिल्यात, पण तेव्हा उसळला तसा दर्या पाहिला नाही. तुळसावैनीनं कोंबडीला छातीशी धरलंन्, नम्रतानं वैनीला. मी बाईंचा पदर ओढला. "बाई, चला. काम फत्ते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला नाही असं मी आजवर धरून चाललोय.

"काम कसलं फत्ते?" त्या म्हणाल्या. "परवा बाबा म्हणाला मोडा, ही रडली. आज कोंबडी म्हणाली नको, ही हसली. उद्या बकरा काही म्हणाला तर? तुळसाबाई, इकडे या. कोंबडी ठेवा खाली. बोट पुढे करा."

"नको गो बाय, शॉक बसात!"

"कोंबडीला बसला?"

वैनीनं कोंबडीकडे पाहिलं. कोंबडी टवटवीत होती. वैनीनं एक बोट पुढे केलं, जसं तापल्या तव्याला लावावं तसं.

"ही एकच कळ दाबा. 'क' आहे. पुन्हा पुन्हा दाबा."

वैनीनं दाबली. वरच्या चौकटीत आलं 'बा'. पुन्हा दाबली. 'दे'. पुन्हा. 'वा'. वैनी थांबली. पडद्याकडे बघितलं, बोटाकडे बघितलं. मग भराभरा दाबत सुटली, तीच कळ, आणि पडद्यावर दर्याकाठची लेकरं, रक्षणकर्त्या, सगळं ओळीनं यायला लागलं. चौकट भरली की जुनी अक्षरं डावीकडे सरकत आत जात, नवी येत. "होय म्हाराजा" म्हणायला कुणी तोंड उघडलं नाही.

"आता एंटर."

तळाशी उत्तर आलं: ककककककककककककक.

"ह्यो देव काय तोतरा हाय?" वैनीनं विचारलं, आणि सगळं गोदाम फुटलं हसून.

बाई म्हणाल्या, "ऐका. चौकटीला तुमचं बोट दिसत नाही. बोटानं कळ दाबली की ती आधी आतल्या प्रोग्रामकडे जाते, आणि चौकटीत काय दाखवायचं ते प्रोग्राम ठरवतो. बँकेतला कारकून पासवर्ड, म्हणजे गुप्त शब्द, लिहितो तेव्हा तो लिहितो नाव आणि चौकटीत दिसतात चांदण्या. तिथे कुणी बघू नये म्हणून लपवतात. इथे या बाबानं चांदण्यांच्या जागी गाऱ्हाणं बसवलंय. तुम्ही वर गाऱ्हाणं वाचत होय होय करता, तेव्हा हा चेल्यानं कानात सांगितलेलं उत्तर टाइप करतो. उत्तर संपलं की उरलेलं गाऱ्हाणं स्पेसबारवर. चौकट एका ओळीची आहे ती देव एकवचनी म्हणून नव्हे, बनवणाऱ्यानं तशी बनवली म्हणून."

महाराज तोवर मागच्या दाराशी पोचले होते. पण तिथे कोंबड्या होत्या. मान म्हणून आलेल्या सगळ्या. पायांत पायांत आल्या आणि महाराज नारळांच्या ढिगावर आडवे. दोघं तिघं हात उगारून धावले, बाई कडाडल्या, "मारायचं नाही! पोलिसांना बोलवा. आणि यंत्र इथेच राहू दे. प्रत्येकानं एकदा कळ दाबून जायचं." लागली रांग! कौलाच्या रांगेपेक्षा लांब.

वैनी मात्र पाटाशीच बसून होती. हसणं ओसरलं होतं. "बाय, मोडा पण खोटा, नको पण खोटा. मग आता मी विचारू कोणाक्?"

"लग्न कुणाचं आहे?"

वैनीनं मागे वळून पाहिलं. नम्रता उभी होती.

"काय गो? करतंस काय त्याच्याशी?"

"करते."

"पाण्याची भीती?"

"त्याला पोहता येतं, आई. तूच कधी विचारलं नाहीस."

झालं. ना गाऱ्हाणं, ना एंटर. लग्न ठरल्या तारखेला लागलं, आणि त्याचा पुरावा माझ्यासमोर बसून अठळ्या खातोय. ती कोंबडी कुणी कापली नाही. वैनीच्या अंगणात म्हातारी होऊन गेली. तेव्हा मंडळी, माझं सांगणं एवढंच: कुणी काही दाखवलं की नुसता पडदा बघू नका, बोटं कुठे आहेत ते बघा. आणि न दिसल्यास विचारा. विचारल्यानं शॉक बसत नाही.

पुराव्यानं अठळी तोंडाशी नेली होती, ती तिथेच थांबली.

"आप्पाआजोबा, एक मिनिट. जी कळ दाबली तेच उत्तर यायचं ना?"

"तेच."

"आजीनं क दाबला तर ककक आलं."

"आलं."

"मग कोंबडीनं तांदूळ टिपताना आधी 'न' टिपला आणि मग बरोब्बर 'को'?"

"हुशार जात होती. गावठी."

"आणि पायानं चार कळा एकदम दाबल्या, त्या कुठे गेल्या उत्तरात?"

मी अठळ्यांची अख्खी परडी तिच्याकडे सरकवली. तिनं ढुंकून पाहिलं नाही. उठून उभी राहिली, कमरेवर हात, अगदी तिच्या आजीसारखी, आणि पलीकडे तिच्या अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

"कोंबडीनं नुसते तांदूळ खाल्ले, कीबोर्डवर ओणवे तुम्ही झाला होतात! 'नको' तुम्ही दाबलंत, आप्पाआजोबा, तुम्ही!"