ओट्यापुढचा पाट

मी एक जुना पाट आहे आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर आता फार थकलो आहे. दोन आडव्या पट्ट्यांवर ठोकलेली एक जाड फळी, एवढाच माझा देह. पण या देहानं एका बाईला जन्मभर तोलून धरलं.

माझा जन्म एका मोडक्या दारातून झाला. हे घर घेतलं तेव्हा इथला ओटा आधीच्या उंचापुऱ्या मालकाच्या मापाचा होता आणि आमच्या बाई पडल्या बुटक्या. तुझा हात शेगडीपर्यंत पोचेस्तोवर दूध उतू जाईल, असं त्यांचे यजमान चिडवायचे. मग त्यांनीच दाराची फळी कापून मला बनवलं आणि ओट्यापुढे ठेवलं. यजमान गेले. मी राहिलो.

स्वयंपाकघर एवढंसं, की एकानं फडताळ उघडलं तर दुसऱ्यानं बाहेर जावं. पण बाईंना रांधण्याचं भारी वेड. पाहुणे त्यांच्या हाताच्या चवीचं तोंड भरून कौतुक करायचे. पायाखालच्याची चौकशी कोण करतो? माझ्यावर सालं पडली, गरम तेल सांडलं, ओल्या फडक्याचं पाणी मुरलं. मी काही बोललो नाही.

पुढे बाईंचे गुडघे धरले. शेगडीपाशी माझ्यावर चढायचं, मोरीकडे जाताना उतरायचं, असं दिवसभर चालायचं. डॉक्टरांनी चढउतार बंद करायला सांगितली. मुलगी म्हणाली, आता स्वयंपाक पुरे, डबा लावू. बाईंचं तोंड एवढंसं झालं. स्वयंपाक गेला तर त्यांच्याजवळ उरणार काय, हे मुलीलाही कळलं असावं. तिनं डब्याचा विषय सोडला आणि स्वयंपाकघरच बदलायचं ठरवलं. आईला वाकायला नको, चढायला नको.

सुतार आला. नेहमीसारख्या उभ्या राहा, पीठ मळताय असं समजा, असं तो बाईंना म्हणाला. बाई नेहमीसारख्या उभ्या राहिल्या. म्हणजे माझ्यावर! त्यांच्या घोळदार गाऊनखाली मी पुरता झाकला गेलो. सुतारानं कोपर पाहिलं, ओटा पाहिला आणि मान डोलावली.

"उंची अगदी मापात आहे. तिला हात नको लावायला, बाकी सगळं बदलू."

मी खाली होतो. मला वाचा असती तर!

काम मात्र झकास झालं. पायांच्या नव्या कपाटांवर त्याच उंचीचा ओटा बसला, शेगडीला लागून मोरी आली, मसाले हाताशी आले, जड पातेल्यांसाठी ओढायचे खण आले. माझी रवानगी गॅलरीत झाली. गरज सरो, वैद्य मरो. तरी मला वाईट वाटलं नाही, अंग टेकायला मिळालं.

पहिल्याच सकाळी बाई कांदा चिरायला उभ्या राहिल्या, तर ओटा छातीशी आला आणि खांदे कानाला टेकले. त्या गॅलरीत आल्या, माझ्याकडे बघत राहिल्या आणि मला उचलून आत घेऊन गेल्या. पोरीनं एवढ्या हौसेनं केलंय, तिला काय सांगायचं? मुलगी घरात असली की त्या मला खालच्या कपाटात पिठाच्या डब्यामागे लपवायच्या आणि वरणफोडणीपुरतं कसंबसं भागवायच्या. ती कामावर गेली की पुन्हा माझ्यावर उभ्या. गुडघे परत सुजले. एवढं करूनही आईला झेपत नाही म्हणून मुलगी हिरमुसली आणि पुन्हा डब्याची चौकशी करू लागली.

एका दुपारी मुलगी लवकर घरी आली. बाई माझ्यावरून घाईनं उतरू लागल्या, तेवढ्यात माझी एक पट्टी मोडली. बाईंनी ओट्याची कड पकडली म्हणून वाचल्या. मुलगी धावत आली. तिनं मला पाहिलं, ओट्याला पाहिलं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"आई, सुतारानं माप घेतलं तेव्हा तू याच्यावर उभी होतीस?"

"मग? ओट्यापाशी मी जमिनीवर कधी उभी होते?"

मुलगी तिथंच फरशीवर बसली. आधी हसली, मग तिला रडू आलं. त्या लहानशा जागेत बाईही कशाबशा तिच्याशेजारी बसल्या.

सुतार पुन्हा आला तो आधी बाईंच्या पायांकडे बघत. त्यानं मला ओट्याखालच्या कपाटांशेजारी टेकवून त्यांच्या पायांवर माझ्या उंचीची रेघ ओढली, पाय तेवढेच कापले आणि ओटा खाली आला. ती माझी शेवटची चाकरी.

आता मी गॅलरीत मोडक्या पट्टीनं पडून आहे. मित्रांनो, कुणासाठी मायेनं काही करायला निघालात, तर आधी त्याच्या पायांखाली बघा. तिथं कोणीतरी मुकाट भार सोसत असतं. आणि सोसणाऱ्या माणसांनो, तुम्हीही जरा बोलत जा. मला वाचा नव्हती, तुम्हाला आहे.

बाई दोन्ही वेळा रांधतात. ओट्याजवळ आल्या की सवयीनं त्यांचा उजवा पाय अजून थोडा उचलला जातो. मग तो सावकाश जमिनीवर टेकतो.