मालकीणबाईंच्या उजव्या पावलाचा फर्मा

मी एक जुना लाकडी फर्मा आहे. फर्मा म्हणजे लाकडाचे पाऊल. बूट शिवणारा कारागीर माझ्यावर चामडे ताणतो, खाली तळ शिवतो आणि मग मला आतून काढून घेतो. मी उजव्या पायाचा. डावा माझा भाऊ. आम्ही दोघे एकाच ओंडक्यातून, एकाच दुपारी जन्मलो.

मित्रांनो, आमच्या दुकानात फर्म्यांनी फळ्या भरल्या आहेत, पण ते सगळे नंबराचे, कोणाच्याही पायाला चालणारे. आम्ही दोघे मात्र एकाच बाईचे. मालकांचे लग्न ठरले तेव्हा त्यांनी आपल्या नवरीला स्टुलावर बसवून तिचे पाय कागदावर ठेवले आणि भोवती पेन्सिल फिरवली. तिला अशा गुदगुल्या झाल्या, ती इतकी हसली, की उजवीकडची रेघ वाकडी गेली. त्या रेघेबरहुकूम माझ्या करंगळीपाशी एक फुगवटा आहे. लोकांना ती कारागिराची चूक वाटते. मी जाणतो, ते हसू आहे.

आमच्यावर लग्नाचा जोड झाला. बघणाऱ्यांनी वाहवा केली. दुसऱ्या जोडासाठी मालकांनी तांबूस, मऊ चामडे बेतूनही ठेवले, पण त्यावर गिऱ्हाइकांचे काम येऊन बसले ते बसलेच. मालकीणबाई दुकानात चहा आणत, तेव्हा त्यांच्या पायांत रबरी चपला असत.

"सगळ्या जगाला बूट, आणि बायको रबरात!" त्या म्हणत.

"होतोय गं, होतोय."

"असू दे. मी मेल्यावर घाला हो पायांत!" असे म्हणून, हसत, रिकामा कप घेऊन त्या जात.

अशी एकतीस वर्षे गेली. त्यांची पावले वाजली की मला वाटे, आज आपल्याला फळीवरून काढतील. कोणी काढले नाही. देवाच्या नावासारखेच आमचेही झाले. जवळ असून कोणाला आठवण नव्हती.

एका सकाळी मालकीणबाई गेल्या. दुसऱ्या दिवशी अकराला माती द्यायची ठरली. मालक रडले नाहीत. त्यांनी दुकान उघडले, आमच्यावरची धूळ फुंकली आणि ते तांबूस चामडे बाहेर काढले. लेक जेवायला बोलवायला आली तर म्हणाले, "आज नको. एकतीस वर्षांचा शब्द आहे." संध्याकाळी जोड तयार झाला.

सकाळी तो घरी नेला. आम्हाला आतून काढून तिथेच बाजूला ठेवले, म्हणून पुढचे सारे मी पाहिले. बूट पायांत जाईनात. अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे आले होते, टाचा रुंदावल्या होत्या. मालकांनी थोडा जोर लावला, मग हात मागे घेतला.

मालकीणबाईंची धाकटी बहीण शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "दाजी, हे माप लग्नातलं ना?"

"तिचंच आहे."

"तिचंच हो. पण त्यानंतर ती बाई एकतीस वर्षं तुमच्या ओट्यापाशी उभी होती. का वीस वर्षांची नवरी पुरायची आहे तुम्हाला?"

खोलीत कोणीतरी फिसकन हसले. लेकीने तोंडावर हात धरला, पण हसू बोटांतून निसटलेच. मालकही हसले आणि हसता हसता हमसून रडू लागले. आदल्या दिवसापासून अडलेले पाणी त्या हसण्याने मोकळे केले.

प्रार्थना गायला आलेले गुरुजी हळूच म्हणाले, "राहू द्या आता. देवाकडे सगळे अनवाणीच जातात."

"खरं आहे, गुरुजी," बहीण म्हणाली, "पण पायातलं दारात काढायचं असतं. दारापर्यंत काय घालेल ती? आणि तिथं काढायला काही नसलं, तर देव विचारेल ना, बाई, नवरा काय करतो तुझा?"

गुरुजींनाही हसू आवरले नाही. "किती वेळ लागेल?"

"दोन तास," मालक म्हणाले.

"मग मी गातो. माझ्याजवळ चार तासांचं आहे. एरवी कोणी बसत नाही, एवढंच!"

मालकांनी मालकीणबाईंच्या तळव्याला कागद लावला आणि पेन्सिल फिरवली. करंगळीपाशी त्यांचा हात क्षणभर थबकला. या वेळी रेघ अगदी सरळ आली.

मग दुकानात त्यांनी माझ्यावर चामड्याचे तुकडे चिकटवले. अंगठ्याच्या मुळाशी तीन, टाचेला एक. शिवण उसवली, चामडे भिजवले, पुन्हा ताणले. भिंतीपलीकडून गुरुजींचा आवाज येत होता. जो हळू चालतो, त्याच्यासाठी देव दार उघडे ठेवून बसतो, असे काहीसे ते गात होते. आणि आमच्या अंगावर टाक्यामागून टाका पडत होता.

एकच्या सुमाराला बूट पायांत अलगद गेले. तशाच त्या मातीत निजल्या.

मित्रांनो, मी त्या पायाचे रूप घेऊन जगलो, पण तो पाय मला कधी भेटला नाही. मी बाहेर निघाल्याशिवाय पाय आत जात नाही, हा माझ्या जन्माचाच नियम. त्याची हुरहूर जात नाही.

परवा लेक म्हणाली, "बाबा, काढा की ते तुकडे. मूळचा आकार किती छान होता."

"तो मला पाठ आहे," मालक म्हणाले. "हा मी बघितलाच नव्हता. राहू दे."

म्हणून सांगतो, बाळांनो. तुमच्या घरातही कोणीतरी सगळ्यांसाठी दिवसभर उभे असेल. त्या माणसाला आजच खाली बसवा. त्याचा पाय आपल्या मांडीवर घ्या आणि विचारा, कुठे दुखतंय? मालकांनीही विचारले होते, त्या सकाळी, दुसऱ्यांदा पेन्सिल फिरवताना. मी तिथेच होतो. खोलीभर माणसे होती, पण सांगणारे कोणी नव्हते.