आखाजीला निघालेली फियाट

मी फियाट बोलतेय. कागदावर माझं नाव पद्मिनी आहे, पण खानदेशात मला त्या नावानं कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. माझा रंग आकाशी. गिअर स्टिअरिंगच्या शेजारी, पुढची सीट बाकासारखी सलग. हल्लीच्या गाड्यांसारखं मला बोलून रस्ता सांगता येत नाही. मात्र बाकीचं मला बोलता येतं, आणि मनात फार दिवस साठलंय.

कुर्ल्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. अमळनेरच्या केवलचंद शेठनी मला आणलं. त्यांचा कापसाचा व्यापार होता. शेठ मला स्वतःच्या उपरण्यानं पुसायचे आणि ड्रायव्हरला हात लावू द्यायचे नाहीत. पानबाई, म्हणजे शेठाणी, आत बसल्या की आधी नवकार म्हणायच्या, मग दार ओढायच्या. माझं दार जोरात आपटलेलं त्यांना खपत नसे. गावात तेव्हा मोजक्याच गाड्या होत्या, त्यामुळे मी जरा शेफारले होते, हे कबूल करते. बैलगाडीमागे थांबायची वेळ आली की मला फार अपमान वाटायचा.

शेठ गेले, पानबाई गेल्या. नातू अर्पितनं नवी गाडी घेतली आणि मला जुन्या गोदामात सरकीच्या गोण्यांमागे लावलं. तिथे मी अठरा वर्षं उभी होते. उंदरांनी सीटमधला काथ्या काढून संसार थाटले. मी कुरकुर केली नाही, निदान कुणीतरी वस्तीला आहे म्हणून. अर्पित वाईट माणूस नाही. त्याला वेळ नव्हता, एवढंच.

एके दिवशी गोदामाचं पत्र्याचं दार करकरलं आणि अर्पितबरोबर शालिग्राम आबा आत आले. आबा भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते. अमळनेरहून रोज अप-डाऊन करत चौतीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली, आणि आता निवृत्त होऊन घरी बसले होते. बसले होते म्हणजे घरातल्या सगळ्या बिजागऱ्या, नळ आणि शिलाई मशीन दोनदोनदा खोलून झालं होतं.

"न्यायची तर न्या, आबा," अर्पित म्हणाला. "नाहीतर मंगळवारी भंगारवाला येतोय."

आबांनी खिशातून छोटी हातोडी काढली, माझ्या अंगावर ठिकठिकाणी टकटक केलं आणि कान लावून ऐकलं. शेडमध्ये चाकं अशीच तपासतात. मग म्हणाले, "मंगळवारची कशाला वाट बघता? आजच नेतो."

अशी मी आबांच्या अंगणात आले. जवळजवळ दोन वर्षं त्यांनी मला खोललं. एकेक भाग रॉकेलमध्ये धुवायचा, त्यावर खडूनं तारीख घालायची, खाली सही करायची, मग फळीवर ओळीनं मांडायचा. सही बघायला साहेब येणार नव्हता, तरी ती करायचेच. गंज घासला, पत्रा ठोकला, धुळ्याहून रंग आणला. शेजारी विचारायचे, "आबा, एवढं करून उपयोग काय?" आबा हसून म्हणायचे, "हात रिकामा राहत नाही."

हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं मला माहीत होतं, कारण माझ्याखाली उताणे झोपून काम करताना ते माझ्याशी बोलायचे.

आबांना एकच मुलगी, मयुरी. धुळ्याला डिप्लोमा करून मेकॅनिक झालेली, सोनगीरला दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस खातात. लेकीला सासरहून आणायला जो जातो त्याला मुऱ्हाळी म्हणतात. दोन आखाज्यांपूर्वी आबा मुऱ्हाळी होऊन सोनगीरला गेले, तेव्हा मयुरी सासऱ्यांच्या पिठाच्या गिरणीत बसून दगडाला टाकी लावत होती. हातात छिन्नी, केसांत पीठ. आबांचा तोल सुटला. दळणाला आलेल्या बायकांसमोर, उखर्डूनानांसमोर ते ओरडले, की पोरीला पीठ खायला शिकवलं का मी? नाना, म्हणजे मयुरीचे सासरे, मान खाली घालून उभे राहिले. मयुरी एवढंच म्हणाली, "आबा, आता मला न्यायला येऊ नका."

गिरणी तिनं स्वतः मागून घेतली होती, हे आबांना नंतर कळलं. मोटार तिनं बसवली होती, पट्टे तिनं बदलले होते. कळून काय उपयोग? दोन आखाज्या अंगणातल्या निंबाला झोका बांधला गेला नाही.

"तुले लई जास सोनगीरले," आबा माझ्या पोटाखालून म्हणायचे. लई जास, म्हणजे घेऊन जातो. "अशी चकचकीत गाडी दारशी उभी ऱ्हायनी, मंग पोर नही कशी म्हनी?"

मंजुळाबाईंना हे पटत नव्हतं. आबांची बायको म्हणजे मोजकं बोलणारी बाई, पण बोलली की नेमकं बोलायची. एकदा कुरडयांचं पातेलं घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हाई गाडी कव्हय निंघी आंगनमाईन? कुरडया कोठे वाळत घालू?"

"मयुरीनी माय, आखाजीपावत थांब."

"पोरले गाडी नही पाहिजे," त्या म्हणाल्या. "तिले तुमना एक शब्द पाहिजे."

"तोच तोंडमाईन निंघत नही ना," आबा पुटपुटले आणि पुन्हा माझ्याखाली शिरले.

मला तेव्हा मंजुळाबाईंचा राग आला होता. दोन वर्षांच्या कष्टांपेक्षा एक शब्द मोठा कसा, असं वाटलं. शेवटी मी गाडी. माणसांचं गणित मला उशिरा कळतं.

आखाजीला बारा दिवस राहिले. इंजिन बसलं होतं, फक्त वरचं हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, आवळायचं बाकी होतं. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आबांचा हात रेल्वेचा. तिथले नट मनगटाएवढे आणि लोखंड ओतीव. नट शेवटपर्यंत आवळून वर आणखी एक हिसका दिल्याशिवाय शेडमध्ये काम पुरं समजत नसत. माझं हेड आहे ॲल्युमिनियमचं. आबांना हे ठाऊक होतं. डोक्याला ठाऊक होतं, हाताला नव्हतं. त्यांनी पान्याला लांब पाईप अडकवला, नट आवळला, आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं तो शेवटचा हिसका दिला.

कट्.

मला दुखलं, पण आबांचा चेहरा बघून मी माझं विसरले. हेडला बोटभर चीर गेली होती. त्यांनी पाना खाली ठेवला, ओट्यावर बसले आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले. जेवायला हाक आली तरी उठले नाहीत. मंजुळाबाई बाहेर आल्या आणि चीर पाहून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच हेड गोणपाटात गुंडाळून पोत्यात घातलं, पोतं सुतळीनं बांधलं आणि आबांच्या हातात दिलं.

आबा धुळ्याच्या एसटीत बसले. तुम्ही म्हणाल, तू तर अंगणात, पुढचं तुला काय ठाऊक? अहो, हेड माझंच होतं की. आबांच्या मांडीवर बसून मी सगळं पाहिलं.

धुळ्याच्या वेल्डरनं चीर भरली, लेथवर घासून सपाट केली आणि बजावलं, "बाबा, एकदा जोडलं. पुन्हा फुटलं तर माझ्याकडे आणू नका. हलक्या हातानं आवळा."

आबा स्टँडवर आले. अमळनेरची गाडी लागली होती, खिडकीजवळची जागाही रिकामी होती. आबा पायरीवर चढले आणि तिथेच थांबले. मागचा माणूस म्हणाला, "बाबा, चढा नाहीतर उतरा." आबा उतरले. पलीकडे शिरपूरची गाडी उभी होती, तिच्यात बसले. कंडक्टरला म्हणाले, "सोनगीर." आवाज इतका बारीक, की कंडक्टरनं पुन्हा विचारलं.

चैत्र-वैशाखात गव्हाचा हंगाम. गिरणीवर डब्यांची रांग लागली होती. उखर्डूनाना वजनकाट्याशी, मयुरी पट्ट्यापाशी. आबा पोतं घेऊन ओट्याशी उभे राहिले. मयुरीनं बघितलं आणि मोटार बंद केली. गिरणीचा आवाज एकदम थांबल्यामुळे सगळ्याच बाया वळून बघायला लागल्या. मला वाटलं, आबा आता परत फिरतात.

"नाना," आबा म्हणाले, "दोन आखाजीपयले मी आठेच, बठ्ठासना समोर बोलनू. मनं चुकनं. बठ्ठासना समोरच सांगस."

सगळ्यांसमोर बोलले होते, सगळ्यांसमोरच चूक कबूल केली. मयुरीनं हात पुसले, पोत्याची सुतळी सोडली आणि हेड बाहेर काढलं. जोडावरून बोट फिरवलं.

"कितलं आवळेल व्हतं, आबा?"

"शेडमा आवळूत तितलं."

ती हसली नाही. हसू दाबलं, असं मला वाटलं.

"आते मना हातवर मना भरोसा नही ऱ्हायना," आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायलाही त्यांना सुचलं नाही. "तू आवळशी का, बेटा?"

मयुरीनं रांगेकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. नानांनी टोपी काढून झटकली. पीठ उडालं.

"मुऱ्हाळी गूळ-खोबरं लई येस," नाना म्हणाले. "हाऊ पयला मुऱ्हाळी पोतं लई उना. जाय बेटा, गिरनी मी दखस. आखाजी करीसनच ये."

त्या दिवशी संध्याकाळी मयुरी अमळनेरच्या अंगणात उभी होती. मंजुळाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आत जाऊन पदरात तोंड खुपसून रडल्या. खिडकी माझ्याच बाजूला आहे, म्हणून मला दिसलं.

सकाळी मयुरीनं आबांचा लांब पाईप बाजूला ठेवला आणि वीतभर पाना घेतला. मधल्या नटापासून सुरुवात केली, मग बाहेरचे. एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी. प्रत्येक वेळी थोडंच. आबा शेजारी उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. एकदा त्यांचा उजवा हात सुटून पुढे आला, तेव्हा त्यांनी डाव्यानं तो परत मागे नेला. शेवटी मयुरीनं खडू उचलला, हेडवर तारीख घातली आणि तो आबांकडे दिला. आबा म्हणाले, "काम तुनं. सही तूच कर."

तिसऱ्या सेल्फला मी सुरू झाले. खोकले थोडी, धूरही केला, पण सुरू झाले. आबा टाळ्या वाजवत होते. मोठा माणूस, पण लहान मुलासारखा. निंबाला झोका बांधला गेला, आणि माझ्याभोवती चार दिवस सांजोऱ्यांचा वास दरवळत होता. फार सुखात गेले ते दिवस.

आखाजी झाल्यावर मयुरीला पोचवायचं होतं. तीच चालवायला बसली, आबा शेजारी. सोनगीरला पोचल्यावर उतरून म्हणाले, "ऱ्हावू दे गाडी आठेच. आंगनमा कुरडया वाळत घालना शेतस."

आता मी गिरणीच्या पत्र्याखाली असते. माझ्या आकाशी रंगावर दिवसभर पिठाची धूळ बसते, आणि केवलचंद शेठांची ऐट आठवून मला कधीकधी गंमत वाटते. नानांना दवाखान्यात नेते, पिठाचे डबे पोचवते. दर शुक्रवारी आबा एसटीनं येतात. माझा कार्ब्युरेटर नीट लागत नाही, अशी त्यांची खात्री आहे. बॉनेट उघडतात, स्क्रू फिरवतात, कान लावतात, मग लेकीच्या हातची भाकरी खाऊन, नानांशी गप्पा मारून शेवटच्या गाडीनं परत जातात.

तुमच्यापैकी कुणाला गाड्यांतलं कळत असेल, आणि कधी सोनगीरवरून जाताना मला पाहिलंत, तर एक विनंती आहे. माझा आवाज ऐकून आबांना सांगू नका, की हिला काही झालेलं नाही. मला खरंच काही झालेलं नाही. दर गुरुवारी गिरणी बंद केल्यावर मयुरीच येते, बॉनेट उघडते आणि तो स्क्रू पाव फेरा सैल करून ठेवते.