वहिनींचा दिवाण

बेलापूरच्या त्या बिल्डिंगमध्ये सोळा घरं होती आणि माणसं राहत होती पाचांत. बाकीच्या अकरा दारांना कुलपं. साल पंच्याऐंशी. सिडकोनं घरं बांधून ठेवली होती, माणसं अजून यायची होती. गोजरा तिथं आली तेव्हा तिची वैशाली तीन महिन्यांची होती.

परभणीकडच्या खेड्यातली बाई ही. तिकडे लेकरू रडलं की आधी कोण उचलणार यावरून जावाजावांत भांडण लागायचं. इथं लेकरू रडलं की आवाज जिन्यानं खाली जायचा आणि तसाच परत वर यायचा, बास. नवरा किसन रबाळ्याच्या एका कारखान्यात कामाला. सकाळी सहाला घर सोडायचा, ओव्हरटाइम उरकून आठ-नऊला यायचा आणि ताटावरच पेंगायला लागायचा. माणूस वाईट नव्हता हो. पण पेंगणाऱ्या माणसाशी बाईनं बोलावं तरी काय, कपाळ? एकदा दुपारी पोस्टमननं नाव विचारलं तर तिचा आवाज असा खरखरीत निघाला की तीच दचकली. सकाळपासून तोंडातून एक शब्द गेला नव्हता. त्या दिवशी ती पोस्टमन गेल्यावर दाराला टेकून चांगली रडली.

समोरच्या दारात सरस्वतीवहिनी राहायच्या. पन्नाशीच्या बाई, नवरा मंत्रालयात कारकून, एकुलता एक मुलगा कुवेतला. त्याच मुलानं पाठवलेल्या पैशांतून त्यांनी दिवाण केला होता. सागवानी, वर जाड गादी, मोरपंखी रंगाची खोळ. मुलगा तीन वर्षांत आला नव्हता, दिवाण मात्र रोज दोनदा झटकला जायचा. वहिनींनी गोजराला जिन्यात गाठून म्हटलं, "अगं, दुपारची ये ना. मी तरी कोणाशी बोलू? भिंतींशी?"

गोजराला काय, आभाळ ठेंगणं झालं. भांडी उरकून ती वैशालीला घेऊन दोनच्या ठोक्याला समोर हजर. चहा, गप्पा, रेडिओ. दुसऱ्याच दिवशी वैशालीनं दिवाणावर मुतून ठेवलं. लेकरू ते, त्याला काय कळतंय! वहिनी हसल्या. "असू दे गं, बाळाचं काय एवढं," असंही म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी ती मोरपंखी खोळ दिवसभर गॅलरीत वाळत होती, आणि पुढचे चार दिवस वहिनींचं दार साखळीपुरतंच उघडलं. "आज जरा डोकं दुखतंय गं." "आज ह्यांचे पाहुणे यायचेत." गोजराला काय ते कळलं. न कळण्याइतकी ती खुळी नव्हती.

पाचव्या दिवशी वहिनी आपण होऊन आल्या. हातात पुडकं. दादरहून आणलेल्या प्लास्टिकच्या दोन चड्ड्या, गुलाबी, कंबरेला नि मांड्यांना इलॅस्टिक. "लंगोटावरून घालायची. एक थेंब बाहेर येत नाही. आता बिनधास्त ये."

आणि गोजरा बिनधास्त जायला लागली. दोन वाजले की वैशालीला लंगोट, वर चड्डी, की चालली समोर. सहा वाजेपर्यंत ती चड्डी उतरायची नाही, कारण मधेच उतरवायची तर घरी यावं लागणार, आणि घरी आलं की पुन्हा कुलपांचीच संगत. चार तास. त्या चार तासांवर तिचे बाकीचे वीस तास निघायचे.

महिन्याभरात वैशालीचं खालचं अंग लाल व्हायला लागलं. आधी नुसती लाली, मग बारीक पुरळ, मग मांडीच्या सांध्यात सालटी. गोजरानं जे जे सुचेल ते केलं. खोबरेल लावलं. पावडर थापली, तर घडीत तिचाच चिखल झाला. साबण बदलला. लंगोट उकळून काढले, कडुनिंबाच्या पाण्यातून पिळले. नळाला पाणी तासभर, तरी लंगोट तीनतीनदा खळबळून धुतले. आईला पत्र टाकलं, तर आईनं कोणाकडून तरी लिहून कळवलं, "लेकराला उघडं ठिव, उन्हात घे." गोजरा सकाळी ठेवायचीच की उघडं! गॅलरीत मांडीवर घेऊन बसायची. दुपारपर्यंत लाली जरा बसायची. आणि दोन वाजले की पुन्हा गुलाबी चड्डी.

तिला कळत नव्हतं असं समजू नका. पोटात कुठंतरी कळत होतं. पण काही गोष्टी माणूस स्वतःलाही कळू देत नाही.

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "चल, दवाखान्यात दाखवू. मी येते सोबत." किती बरं वाटलं गोजराला! दवाखान्यात दोघी शेजारीशेजारी बाकड्यावर बसल्या. डॉक्टरीणबाईंनी वैशालीला टेबलावर उताणी केली, पाहिलं आणि विचारलं, "प्लास्टिकची चड्डी वगैरे घालता का हिला?"

गोजरानं मान वर केली नाही. शेजारी वहिनींच्या बांगड्या किणकिणल्या आणि गप्प झाल्या.

"नाही," गोजरा म्हणाली.

वहिनी समोरच्या भिंतीवरचं कुटुंबनियोजनाचं, दोन मुलांचं पोस्टर वाचत होत्या. त्यावर वाचण्यासारखं होतं काय, चार शब्द! डॉक्टरीणबाईंनी पांढरं मलम लिहून दिलं, कोरडं ठेवा म्हणाल्या. परतताना दोघींनी भाज्यांचे भाव बोलून काढले. घरी आल्यावर वहिनी दारात म्हणाल्या, "उद्या येशील ना?" आणि गोजरा म्हणाली, "येते की."

मलम संपलं. दुसरी ट्यूब आणली. दुखणं हटेना. सुट्टीच्या दिवशी किसननं लेक उचलली तर लेक किंचाळली. "कावून एवढी रडायलीय गं ही?" त्यानं विचारलं. गोजरानं सांगितलं, "दात यायलेत." आता हे दुसरं खोटं. खोट्याचं एक असतं, एकटं राहत नाही.

मंगळवारी सकाळी जवळच्या दिवाळे गावची बायजाबाई बोंबील घेऊन आली. ही कोळीण वारावारी टोपली घेऊन जिने चढायची, आणि पाच घरांसाठी चढायला लागतंय म्हणून बिल्डिंगला शिव्या घालायची. गोजरा वैशालीला मांडीवर घेऊन दारातच बसली होती. बायजाबाईनं टोपली खाली ठेवली आणि वाकून पाहिलं.

"आगो बाय माजे! रगत येतंय की!" तिनं माशाच्या हातानं नाही, मनगटानं वैशालीचा पाय जरा बाजूला केला. "नि ये वळ कसले गो? दोरी बांदतेस का काय पोरीला?"

दोन्ही मांड्यांभोवती इलॅस्टिकचे लाल वळ होते, अगदी गोल. गोजरानं ते रोज पाहिले होते. पण "दोरी बांदतेस का" असं कोणी विचारलं नव्हतं.

"बाकी कोनी नाय काय तुजं हितं?" बायजाबाईनं विचारलं. तिला आपलं एवढंच म्हणायचं होतं की जाणतं माणूस जवळ नाही का. पण गोजराला हुंदका आवरला नाही. बोंबील तसेच राहिले. बायजाबाई थोडा वेळ शेजारी पायरीवर बसली, मग तिलाही पुढच्या चार बिल्डिंगा करायच्या होत्या.

त्या दिवशी गोजरा एकटीच दवाखान्यात गेली. रांगेत बसून तिनं वाक्य पाठ केलं, आणि डॉक्टरीणबाईंसमोर बसल्याबरोबर एका दमात म्हणून टाकलं. "मी खोटं बोलले होते बाई. प्लास्टिकची चड्डी घालते मी हिला. रोज. चार तास."

डॉक्टरीणबाई रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी नुसतं विचारलं, "मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"त्यांनीच दिलेली होती. त्या शेजारी बसल्या होत्या."

डॉक्टरीणबाईंनी वैशालीच्या मांड्या पुन्हा नीट पाहिल्या. मग म्हणाल्या, "मलम लावून वरून प्लास्टिक बांधलं तर आत वाफ कोंडते. आता तिथं बुरशी धरलीय. हे दुसरं मलम लावा. लंगोट ओला झाला की लगेच बदला, आणि शक्य तेवढा वेळ काहीच नको, उघडी ठेवा. पंधरा दिवस तरी. आणि प्लास्टिक पुन्हा नाही म्हणजे नाही. जमेल ना?"

"जमेल," गोजरा म्हणाली. सांगायला काय जातंय! आपण कशाला हो म्हणतोय ते तिला चांगलं माहीत होतं.

दुपारी दोनला ती समोर गेली नाही. सव्वादोनला वहिनींनी दार उघडून हाक मारली, "गोजरा, चहा टाकतेय गं!" गोजरा वैशालीला तशीच कडेवर घेऊन उंबऱ्याशी गेली. काखेत जुनी वाकळ घडी करून घेतली होती. "डॉक्टरांनी चड्डी बंद केलीय वहिनी. मी खाली वाकळ टाकून बसते. दिवाणाला शिवणार पण नाही."

वहिनींनी वैशालीकडे पाहिलं, मग वाकळेकडे. "अगं, खाली गालिचा आहे," त्या म्हणाल्या. अगदी हळू म्हणाल्या, तोंडावर काही वाईट भाव नव्हता. "असं कर, बरी झाली की ये. तोपर्यंत तिचीही दगदग नको."

दार लागलं. जोरात नाही लागलं, हे खरं. जोरात लागलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

पंधरा दिवस गोजरा घरात बसली. वैशाली फरशीवरच्या वाकळेवर उघडीनागडी लोळायची, मुतायची, हसायची. गोजरा पुसायची, धुवायची, मलम लावायची. दोन वाजले की तिचे कान समोरच्या दाराकडे लागायचे. चमच्यांचा आवाज यायचा, रेडिओ लागायचा. सहाव्या दिवशी सालटी गळाली. दहाव्या दिवशी मांड्यांचे वळ गेले. सोळाव्या दिवशी वैशालीची कातडी अशी झाली की गोजरानं तिथं गाल लावून पाहिला. लेक बरी झाली होती. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं, तरी सांगायला कोणी नाही म्हणून तिला रडू आलं.

दुपारी तिनं वैशालीला स्वच्छ लंगोट बांधला, वर झबलं, जादा चार लंगोट पिशवीत. "बरी झाली की ये" असं वहिनीच म्हणाल्या होत्या ना! तिनं समोरची कडी वाजवली.

दार वहिनींनीच उघडलं. आत दिवाणावर एक पोरगी बसली होती. तिसऱ्या मजल्यावर आठवड्यापूर्वीच राहायला आलेली, रत्नागिरीकडची, विशीचीसुद्धा नसेल. हातात चहाचा कप, आणि शेजारी मोरपंखी खोळीवर तिचा मुलगा. अंगावर गुलाबी चड्डी.

"ये ना," वहिनी म्हणाल्या, पण दारातून सरकल्या नाहीत. "ही वरची, आणि हा तिचा दिलीप. तुझी बरी झाली ना गं? बरं झालं हो." मग त्यांची नजर वैशालीच्या लंगोटावर गेली. "चड्डी घालून आण ना मग."

गोजरा आता गप्प बसली असती तर कोणी तिला नावं ठेवली नसती. एक चड्डी चढवायची, आत जायचं, आणि थोडा वेळ झाला की घरी निघायचं. रोज अर्धा तास. अर्ध्या तासानं काय होतंय? वाक्य तोंडात तयार होतं, "आलेच हं." ती दिलीपकडे बघत राहिली. मांडीशी इलॅस्टिक रुतलं होतं आणि त्याच्या बाजूनं बारीक पुरळ उठलं होतं.

"बाई," ती वहिनींच्या खांद्यावरून त्या पोरीला म्हणाली, "ती चड्डी काढ त्याची. माझ्या लेकीला त्यानंच रक्त आलं होतं."

वहिनींच्या बांगड्या एकदा किणकिणल्या. पोरगी दचकली. तिनं वहिनींकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, आणि पदरानं दिलीपच्या मांड्या झाकल्या.

"नाही," ती म्हणाली. "आमच्या दिलीपला काय होत नाही त्यानं."

गोजराला तिचा राग आला नाही. कसा येणार? हा 'नाही' तिच्या घरचाच होता.

ती परत आली. दार लावायला हात गेला, पण तिनं ते उघडंच ठेवलं. तिसऱ्या मजल्यावर जायचा रस्ता त्या दारावरूनच होता. वाकळ पसरून तिनं वैशालीला उघडी केली आणि जिन्याकडे तोंड करून बसली.

"बोल माय," ती लेकीला म्हणाली, "आता तूच बोल."

वैशाली खुदकन हसली आणि वाकळेवर मुतली.