बाभळीची चाकं

आमच्या मोटारीला तारंची चाकं होती. सायकलीला असत्यात तशी, पण दणकट. धनी, म्हंजी सोनबा (नाव घेते, आता कोण हटकणार हाय मला?), पुण्याला एका सायबाचे ड्रायव्हर होते. सायबाची जुनी मोटार घेऊन ते पिंपळीला आले आणि बारामतीहून लासुर्ण्यावरनं इंदापूरला माणसं न्यायला लागले. मोटार जुनी, पण पळायची अशी की बघत राहावं. एका हातानं वळायची, ब्रेक दाबला की जागच्या जागी उभी, आणि धोंड्यावरनं गेली तरी आतल्याच्या पोटातलं पाणी हलायचं न्हाय. ही समदी हलक्या चाकांची करामत, असं धनी म्हणायचे.

पण आमचे मामंजी, जोतीरामआबा, त्या मोटारीत पाय ठेवंनात. उभा जन्म मेंढरांमागं आणि बैलगाडीवर गेलेला. चाक पारखायचं म्हंजी त्याच्यावर बुक्की मारायची आणि आवाज ऐकायचा, ही त्यांची रीत. तारंच्या चाकावर बुक्की मारली, ते टिंग वाजलं. झालं! चाळणीवर बसून मी कुठं जायचा न्हाय, म्हणाले. त्यात एकदा लासुर्ण्याच्या ओढ्यात चाकाच्या तारा तुटल्या, मग तर त्यांच्या हातात कोलीतच आलं. भंगारातल्या लॉरीची चाकं आणली, दत्तोबा सुताराकडनं त्यात मनगटाएवढे बाभळीचे आरे ठोकून घेतले आणि लोहाराकडनं ती मोटारीला बसवून घेतली.

धनी नको नको म्हणत होते. चाक नुसतं पुढं जात न्हाय, फिरतं बी, आणि जड चाक फिरवण्यातच इंजनाचा निम्मा जीव जातो, हे त्यांनी परोपरीनं सांगून बघितलं. पण बापाचं मन मोडायची छाती त्यांच्यात कधीच नव्हती. चाकं बसली तसे मामंजी फेटा बांधून पहिल्यांदा मोटारीत बसले, इंदापूरपर्यंत जाऊन आले. बापलेक त्या दिवशी इतके खूश होते, की मीबी जीभ आवरली.

मोटारीचा मातूर रेडा झाला. जागची हलायला कुंथायची, वळवायला दोन्ही हातांची ताकद लागायची, ब्रेक लांबनंच दाबावा लागायचा. अंगातली हाडं न् हाडं खिळखिळी व्हायची. उन्हाळ्यात आरे सुकून वाजायला लागले की मामंजी चाकं काढायला लावायचे आणि बैलगाडीच्या चाकांसारखी पाटाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. पाणी पिऊन ती आणखी जड व्हायची. काय बोलणार!

आता रतनचं सांगते. रतन माझी नणंद, मामंजींची एकुलती लेक. तिच्या नवऱ्यानं मेंढरं विकून रेल्वेत नोकरी धरली आणि मामंजींनी जावयाचं नाव टाकलं. लेकीला पंचमीला मुराळी धाडंनात, दिवाळीला आणंनात. बाप म्हणून आतनं तुटत होते, पण तोंडानं ब्र काढतील तर शपथ.

त्या चैत्रात निरोप आला. जावयाची बदली लांब रायचूरकडं झालीया, रतन आज दुपारच्या आगगाडीनं भिगवणवरनं जाणार, कुणी भेटून जावा. मामंजी ओट्यावर बसून राहिले. मी चुलीपुढनं दोनदा बोलून बघितलं, तर माझ्याकडं बघंनात. गावच्या शाळेची घंटा झाली आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, उठले, फेटा बांधला, माझ्याकडनं चोळीचा खण आणि नारळ मागून घेतला आणि म्हणाले, "सोनबा, मोटार काढ."

मला रडूच आलं. मीबी चढले मोटारीत.

चाकं नेमकी आदल्या दिवशीच पाण्यातनं काढलेली. धनी घामाघूम झाले, पण मोटार काही पळंना. भिगवणच्या अलीकडं चढ हाय, तिथं तर तिनं मानच टाकली. आम्ही उतरलो. मी ढकलायला लागले. मामंजी खण छातीशी धरून चढ चढत होते आणि तेवढ्यात शिट्टी झाली. माथ्यावर पोचलो तेव्हा गाडीचा धूर तेवढा दिसत होता.

पावसाळा सरला आणि जावई एकटेच आले. रतन बाळंतपणात गेली होती.

त्या दिवशी मामंजींनी लेकाला जवळ बसवून घेतलं. "तारंची चाकं असती, तर घावली असती का रं रतन?"

"न्हाय आबा," धनी म्हणाले. "तरीबी चुकलीच असती."

माझा नवरा खोटं बोलला. मला माहीत होतं, पण मीबी मान खाली घातली.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मामंजींनी, धन्यांनी नव्या तारा घालून जपून ठेवलेली तारंची चाकं परत बसवायला सांगितली. खण घेऊन मोटारीत बसले, मलाबी बोलावलं. धनी मोटार सुरू करणार, तर म्हणाले थांब. त्या दिवसासारखी शाळेची घंटा झाली, मगच म्हणाले, चल.

मोटार पाखरासारखी गेली. चढ कधी आला न् गेला, कळलंच न्हाय. भिगवणच्या ठेसनात आलो, तर गाडीचा पत्त्या न्हाय. लोक सावलीला पाय पसरून बसले होते. मामंजी फलाटाच्या कडंला जाऊन उभे राहिले. धनी मोटारीपाशीच थांबले, त्यांना पुढं यायचा धीर होईना. बऱ्याच वेळानं गाडी आली. बायकांच्या डब्यापुढं उभं राहून मामंजी उतरणाऱ्या, चढणाऱ्या बाया बघत राहिले. गाडी हलली, तेव्हा दोन पावलं तिच्यासंगं चालले.

मग माघारी आले आणि लेकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"ओटी भरून, दोन घास खाऊ घालून, वर बोलत बसाया बी येळ होता, सोनबा," ते म्हणाले.

धनी स्टेरिंगवर डोकं टेकून लहान पोरासारखे रडले. मामंजी रडले न्हाईत. खणाची घडी नीट करत ते मागं बसून राहिले, आणि मोटार उन्हात तशीच उभी होती.